करड्या डब्याची खंडेनवमी

वल्लरीने हात वर केला, आणि तिथेच सगळा घोटाळा झाला.

तसं पाहिलं तर वर्गात हात वर करणं हा काही गुन्हा नाही. पण वल्लरीचा हात त्याआधी दोन वर्षं वर गेलाच नव्हता. शाळेच्या गेम्स क्लबात ती पहिल्या वर्षापासून होती, पण इतकी गप्प, की क्लबच्या शिक्षिका मिस गो तिच्याकडे बघत बघत तिची गैरहजेरी लावायच्या. आणि वल्लरी ती दुरुस्तही करायची नाही. उगाच कशाला त्यांना त्रास! मग २०१२ साल उजाडलं, ती सेकंडरी थ्रीला, म्हणजे नववीला गेली, उंची वाढली, चष्म्याची फ्रेम बदलली, वक्तृत्व स्पर्धेत तिसरा नंबर आला (एक स्पर्धक आजारी पडला होता, पण ते सोडा), आणि तिला एक शोध लागला: आपण बोललो की लोक ऐकतात! हा शोध फार घातक असतो. तो लागलेला माणूस पहिले काही महिने थांबतच नाही.

झालं असं, की परीक्षा संपल्यावर शाळेच्या हॉलमध्ये क्लबचं प्रदर्शन होतं आणि क्लबचा अध्यक्ष जुन हाओ म्हणत होता की सगळा वेळ त्याच्या मारामारीच्या गेमच्या स्पर्धेला द्यावा. वल्लरीने हात वर केला.

"माझ्याकडे एक जपानी गेम आहे. नाइन्टीजमधला. थ्री-डी नुकतं आलं होतं ना, तेव्हाचा. त्याचा शेवट अख्ख्या इंटरनेटवर कोणी पाहिलेला नाही. मी सगळ्यांसमोर खेळून दाखवीन."

जुन हाओने भुवई वर केली. "यू फिनिश्ड इट ऑलरेडी, आह?"

"ऑलमोस्ट," वल्लरी म्हणाली.

आता हे 'ऑलमोस्ट' जरा तपासून घेऊ. सुंगेई रोडच्या जुन्या बाजारात एका अंकलच्या चादरीवरून तिने आदल्या रविवारी एक करडा डबा, म्हणजे गेमचं जुनं यंत्र, आणि त्यासोबत एक चकती उचलली होती, हे खरं. चकतीच्या खोक्यावर सायकल चालवणाऱ्या एका चौकोनी माणसाचं चित्र होतं, हेही खरं. नेटवर त्या गेमचं एकमेव पान होतं आणि त्यावर जगभरातले तिघे जण एकमेकांचं सांत्वन करत बसले होते, हे तर शंभर टक्के खरं. फक्त तो डबा तिने अजून चालू केला नव्हता. कारण त्याची पिन भिंतीत बसत नव्हती.

"जमणार नाही लाह," जुन हाओच्या चेहऱ्यावर लिहिलं होतं. तोंडाने तो म्हणाला, "ओके. लंचच्या आधीचा टाइम तुझा. पण एंडिंग दाखवायचं, हं. प्रॉमिस इज प्रॉमिस."

मिस गोंनी वहीत नाव लिहून घेतलं. लिहिण्याआधी विचारलं, "सॉरी, तुझं नाव काय?"

बस्स! त्या क्षणी वल्लरीने ठरवलं की एंडिंग दाखवायचंच. जगबुडी आली तरी.

जुरोंग ईस्टच्या फ्लॅटमध्ये परत येऊन तिने दप्तर फेकलं, ड्रॉवरमधून एक अडॅप्टर शोधला, डब्याची पिन त्यात खुपसली आणि भिंतीकडे निघाली. तेवढ्यात बाबा ओरडले. वल्लरीचे बाबा विश्वास हे तुआसच्या एका कारखान्यात सेफ्टी इंजिनियर. त्यांचं ओरडणं साधं नसतं, त्यात सायरन असतो.

"स्टॉप वर्क! हात लावू नकोस! जपानी माल आहे तो. शंभर व्होल्टचा! इथे दोनशे तीस! आत्ता धूर निघाला असता!"

"मग काय करायचं?"

"ट्रान्सफॉर्मर," बाबा म्हणाले. त्यांच्या डोळ्यांत चमक आली. बाबांना एखाद्या गोष्टीत धोका सापडला की ती गोष्ट मग त्यांची होते.

ट्रान्सफॉर्मर अख्ख्या ओळखीत एकाच घरी होता: समोरच्या ब्लॉकमधल्या निशिकांतकाकांकडे. काका दहाएक वर्षांपूर्वी कंपनीतर्फे तीन महिने नागोयाला गेले होते, आणि येताना दोन गोष्टी घेऊन आले. एक, भाताचा जपानी कुकर. दोन, जपानविषयीची मतं. कुकर ट्रान्सफॉर्मरवर चालायचा. मतं कशाशिवायही चालायची.

"ट्रान्सफॉर्मर ने की," उल्काकाकू म्हणाल्या. "मात्र तेवढे दिवस आमचा भात बंद, एवढं लक्षात ठेव. साध्या कुकरचा भात ह्यांना आता गिळवत नाही."

"मग तुम्ही आमच्याकडेच या ना जेवायला!" वल्लरी म्हणाली. नव्या आत्मविश्वासाच्या भरात माणूस घरच्यांना न विचारता काय काय कबूल करतो, ह्यावर कोणीतरी संशोधन करायला हवं.

तर अशा रीतीने पाटा-वरवंट्याच्या वजनाचा तो ट्रान्सफॉर्मर घरी आला, आणि त्याच्या मागोमाग रोज संध्याकाळी काका-काकू. आई, म्हणजे स्मिता, पहिल्या दिवशी भात वाढताना हसली. दुसऱ्या दिवशी हसली नाही. नंतर तिने निमूटपणे मोठा कुकर काढला.

"स्मिता, तुमचा हा साधा कुकर असून भात बरा लागतो हो," निशिकांतकाका चौथ्यांदा वाढून घेत म्हणाले.

"तुम्हाला गिळवतोय ना, झालं," आई म्हणाली.

आणि गेम सुरू झाला! टीव्हीवर आधी धुकं, मग धुक्यातून एक टेकडी. टेकडी म्हणजे हिरव्या पुठ्ठ्याचे तुकडे चिकटवल्यासारखी. त्यावर एक सायकल, तिची चाकं गोल नव्हती, षटकोनी होती. सायकलवर एक माणूस. त्याचं डोकं खोक्यासारखं, हाताला बोटं नाहीत, नाकाच्या जागी फक्त सावली. तो तोफू विकणारा होता. पाठीमागे लाकडी पेटी, हातात भोंगा. संध्याकाळ व्हायच्या आत टेकडीवरच्या सगळ्या घरांत तोफू पोचवायचा आणि टेकडीच्या माथ्यावर आपल्या घरी जायचं. जोरात गेलं तर तोफू तुटतो, हळू गेलं तर अंधार पडतो. बस, एवढाच गेम.

वल्लरीला तो बघताक्षणी आवडला. हल्लीच्या गेम्समध्ये माणसाच्या कपाळावरचा घामसुद्धा दिसतो. इथे तर माणूसच नीट दिसत नव्हता! पण त्याने भोंगा वाजवला की धुक्यातून एक खोकं हळूच बाहेर यायचं, त्या खोक्याला एप्रन असायचा, आणि ते खोकं दोनदा वाकून नमस्कार करायचं. बनवणाऱ्याला चेहरे जमले नव्हते, म्हणून त्याने सगळी माया त्या वाकण्यात घातली होती.

"पनीर विकतोय होय," उल्काकाकू म्हणाल्या. "एवढ्यासाठी आमचा भात बंद केला?"

"काकू, तोफू!"

"तेच ते. डोळ्यांचा नंबर वाढेल हो, स्मिता. आमच्या बहिणीच्या मुलीचा वाढला. शिवाय ती सायन्सला गेलीच नाही."

पडद्यावर जपानी अक्षरं आली. निशिकांतकाकांनी हात पुसले, चष्मा चढवला आणि टीव्हीसमोर थोडे वाकले. टीव्हीला नमस्कार होता की वाचण्यासाठी, हे कळलं नाही.

"माझं जपानी व्यावहारिक आहे, पुस्तकी नाही," ते म्हणाले. "इथे लिहिलंय... वसंत ऋतूबद्दल काहीतरी. किंवा शिडीबद्दल."

"दाबायचं काय, काका? गोल की फुली?"

"गोल. जपानमध्ये गोल म्हणजे बरोबर, फुली म्हणजे चूक."

"गोल म्हणजे बरोबर?" बाबा दचकले. "आमच्या शाळेत गोल म्हणजे भोपळा! माझा ह्या डिझाइनवर आक्षेप आहे."

पण ह्या एका बाबतीत काका बरोबर निघाले, आणि पुढचे सगळे दिवस ते त्या एका गोलावर जगले.

घोटाळा होता शेवटच्या वळणावर. नेटवरचे ते तिघेही तिथेच पडत होते. सगळी घरं झाली, पेटीत शेवटचा एक तुकडा उरला, माथ्यावरचं घर दिसायला लागलं, की त्या वळणावर सायकल सपशेल आडवी! हळू घ्या, आडवी. जोरात घ्या, आडवी. चालत न्या, तरी आडवी! वल्लरीने वळणाचा कोन मोजला. बाबांनी तिला घर्षणावर व्याख्यान दिलं. काकांनी सांगितलं की नागोयात असं वळण होतं आणि ते स्वतः तिथे पडले होते. काकूंनी सांगितलं की मुलीने सायकलऐवजी अभ्यासाकडे लक्ष द्यावं.

आणि आई? आई पहिल्या दिवशी स्वयंपाकघराच्या दारातून बघत होती. दुसऱ्या दिवशी खुर्चीच्या हातावर टेकली. तिसऱ्या दिवशी म्हणाली, "अगं, आधी त्या खालच्या घरातल्या बाईला तोफू दे ना. तिच्याकडे लहान मूल आहे, मघाशी मागे उभं होतं." वल्लरीने दिला, आणि खरंच, त्या बाईने शेजारच्या दोन खोक्यांना हाक मारली! मग आईला अंगात आल्यासारखं झालं. "हा म्हातारा रोज नाही म्हणतो, पण थांब, दाराशी उभी राहा, घेईल तो." घेतला! भाजीवालीशी वीस वर्षं घासाघीस केलेल्या माणसाला खोक्याच्या चेहऱ्यावरचा भावसुद्धा वाचता येतो. मात्र हातात रिमोट घेणार का, असं विचारलं की म्हणायची, "छे, मला कुठे वेळ आहे."

त्या वळणाशी रस्त्याच्या कडेला एक छोटी लाल कमान होती आणि कमानीखाली दोन तिकोनी गोळे.

"हे समोसे कोणी ठेवलेत?" काकूंनी विचारलं.

"ते डेकोरेशन आहे, काकू. झाडं असतात ना, तसं."

आई डोळे बारीक करून बघत होती. "डेकोरेशन कसलं? कान आहेत त्यांना. कोल्हे आहेत ते. आणि गळ्यात लाल फडकं बांधलंय बघ. लाल फडकं म्हणजे देव. वल्लू, देवाच्या दारावरून पेटीत जिन्नस घेऊन चाललीयस आणि नैवेद्य न दाखवता? पडेल नाही तर काय!"

काका-काकू हसले. आणि वल्लरीला, का कोण जाणे, एकदम राग आला. सतत पडून पडून ती वैतागली होती, हे एक. आणि दुसरं म्हणजे, आपला एवढा गंभीर विषय, आणि आईने त्याचा सत्यनारायण करून टाकला!

"आई, प्लीज! हा गेम आहे. तुला ह्यातलं काही कळत नाही, तर नको ना मध्ये बोलूस."

आई "बरं" म्हणाली आणि पातेलं उचलून आत गेली. त्यानंतर ती खुर्चीच्या हातावर टेकली नाही.

एवढ्यात शाळेच्या ऑफिसने आपलं अस्तित्व दाखवलं. बाहेरून विजेची वस्तू आणायची तर परवानगीचा स्टिकर हवा, आणि स्टिकरसाठी पालकाने लिहून द्यायचं की वस्तू सुरक्षित आहे. काउंटरवरच्या आंटी चांगल्या होत्या. आल्यागेल्याला आधी "जेवलात का?" विचारायच्या, मग नाही म्हणायच्या. "नो स्टिकर, नो पॉवर, गर्ल. युअर फादर जस्ट साइन हिअर, कॅन ऑलरेडी."

फक्त सही! हे बाबांना सांगायचं म्हणजे मारुतीला फक्त मुळी आणायला सांगण्यासारखं. बाबांनी अख्खा डोंगर उचलून आणला. त्यांनी करड्या डब्याचं धोक्याचं मूल्यमापन तयार केलं. वायरमध्ये पाय अडकण्याची शक्यता: मध्यम. ट्रान्सफॉर्मर पायावर पडण्याचा परिणाम: गंभीर. गेम हरल्यामुळे होणारा मानसिक आघात: 'निरीक्षणाखाली'. आणि शेवटी ठळक अक्षरांत: 'उपकरण वापरात नसताना त्याची पिन कुलूपबंद ठेवली जाईल.'

ऑफिसच्या आंटींनी त्या बाडाचं वजन हातात तोलून पाहिलं आणि न वाचताच स्टिकर दिला. पण बाबा लिहिलेलं पाळणारे. त्यांनी कारखान्यातल्यासारखी एक लाल प्लॅस्टिकची डबी आणली, ट्रान्सफॉर्मरची पिन तिच्यात घातली आणि वरून कुलूप ठोकलं. रोज संध्याकाळी ते समारंभपूर्वक उघडायचं. चावी त्यांच्या खिशात.

"मला देऊन ठेवा ना एक," वल्लरी म्हणाली.

"नियम आहे. ज्याने कुलूप लावलं, चावी त्याच्याच अंगावर. दुसरी चावी फक्त सुपरवायझरकडे."

सुपरवायझर कोण, हे विचारायचं वल्लरीच्या डोक्यात आलं नाही.

प्रदर्शन नेमकं दसऱ्याला आलं. म्हणजे आदल्या संध्याकाळी खंडेनवमी, आणि खंडेनवमीला घरातल्या सगळ्या अवजारांची पूजा. पाटावर बाबांचं हेल्मेट, आईची कात्री, लॅपटॉप, वल्लरीची पुस्तकं. आणि त्यांच्या मधोमध करडा डबा आणि ट्रान्सफॉर्मर, दोघांना हळदकुंकू, दोघांना झेंडूचा हार! आईनेच दोघे मांडले होते.

"आई, मला आज प्रॅक्टिस करायची आहे!"

"पूजेत मांडलेल्या वस्तूला आज हात लावायचा नाही," आई म्हणाली. आवाज शांत. "उद्या उत्तरपूजा झाली की घे."

दर वर्षी हाच नियम दाखवून वल्लरी अभ्यासाची पुस्तकं टाळायची. आता कोणत्या तोंडाने वाद घालणार!

सकाळी तर धांदलच उडाली. बाबा कंपनीच्या बसने कधीच तुआसला गेले होते. वल्लरी युनिफॉर्म घालून पाटासमोर बसली, चकती आत आहे ना हे बघायला तिने डब्याचं झाकण उघडलं, आणि त्याच क्षणी मागून आई अक्षता घेऊन आली. "थांब, उत्तरपूजा!" म्हणत तिने मूठभर अक्षता उडवल्या आणि रिवाजाप्रमाणे डबा जागेवरून जरा हलवला.

"आई! झाकण उघडं होतं!"

"मग फुंकर मार."

वल्लरीने फुंकर मारली. दिसले ते तांदूळ उडाले. झाकण लावलं, सगळं सामान ट्रॉलीबॅगेत कोंबलं आणि पळाली. दारातून आई म्हणाली, "काही खाऊन जा गं." वल्लरी लिफ्टमध्ये शिरली होती.

हॉल भरलेला होता. जुन हाओने सगळ्यांना ओरडून सांगून ठेवलं होतं की आज जगात पहिल्यांदा एक एंडिंग दिसणार आहे. ही मदत होती की फाशीची तयारी, हे त्याचं त्यालाच ठाऊक. वल्लरी मंचावर चढली, ऐटीत बॅग उघडली, डबा प्रोजेक्टरला जोडला, ट्रान्सफॉर्मर काढला. आणि पिनेकडे बघत राहिली.

लाल डबी. कुलूप.

तिने बाबांना फोन लावला. लागणारच नव्हता. प्लांटमध्ये फोन न्यायला बंदी, हा नियम बाबांनीच केला होता! मग तिने आईला फोन लावला, आणि लावताना तिला आठवलं की गेले कित्येक दिवस आपण आईशी वाढ-नको-पुरे एवढंच बोललोय.

"आई..."

"चावी ना?" आई म्हणाली. "देव्हाऱ्याच्या खणात आहे. सुपरवायझर मीच. निघालेच."

तोवर जुन हाओची मारामारी लावली गेली. वल्लरी मंचाच्या कडेला कुलूप मांडीवर घेऊन बसली. येणारे-जाणारे विचारत होते, "हे तुझं एंडिंग का?" एका पोराने कुलपाचा फोटो काढला. माणसाचा अभिमान नक्की कुठे असतो माहीत नाही, पण वल्लरीचा त्या वेळी त्या लाल डबीत होता आणि बाहेरून सगळ्यांना दिसत होता.

मग हॉलच्या दारात एकदम सगळे बाजूला झाले. आई आली होती. दसऱ्याची म्हणून नेसलेली हिरवी काठापदराची साडी, केसात गजरा, एका हातात जेवणाचा डबा, दुसऱ्या हातात चावी उंच धरलेली. जुरोंग ईस्टहून बुओना व्हिस्टाच्या शाळेपर्यंत एमआरटी मेट्रोत ती अशीच आली असणार. बघणाऱ्यांना वाटलं, हा प्रदर्शनाचाच भाग आहे. काहींनी टाळ्याही वाजवल्या!

कुलूप उघडलं. वल्लरीने बटण दाबलं. करड्या डब्यातून आवाज आला: खर्र, खर्र, कट्! पडदा काळा. पुन्हा बटण. खर्र, खर्र, कट्!

"कॅनॉट वन लाह," हे चालणारच नाही अशा सुरात मागून कोणीतरी म्हणालं.

वल्लरीने झाकण उघडलं. चकती काढली. तिच्याखाली, अगदी मधल्या फिरकीच्या खाचेत, हळदीने पिवळ्याधमक झालेल्या अक्षता बसल्या होत्या. प्रोजेक्टरशेजारचा कॅमेरा नेमका तेव्हा तिच्या हातांवर होता. पडद्यावर भिंतीएवढ्या अक्षता दिसल्या.

मिस गोंनी विचारलं, "इज दॅट... राइस?"

दोन वर्षांपूर्वीची वल्लरी ह्या ठिकाणी शौचालयात जाऊन बसली असती. आत्ताचीही बसणार होती, खरं सांगायचं तर. तिने बाहेर जाणाऱ्या जिन्याकडे पाहिलंही. पण जिन्याच्या तोंडाशी आई उभी होती, आणि आईचा चेहरा पांढराफटक पडला होता. आपल्या हातून काय झालं, ते तिला तांदूळ बघूनच कळलं होतं. तिने पदर मुठीत धरला होता, शाळेत उशिरा आलेल्या मुलीसारखा.

वल्लरीने माइक उचलला. "येस, मिस गो. राइस," ती म्हणाली. "काल आमच्याकडे यंत्रांचा सण होता. वर्षभर राबतात म्हणून एक दिवस आम्ही त्यांना थँक यू म्हणतो. माझ्या आईने ह्याला म्हटलं. ह्याचं पोट जरा जास्त भरलं."

हॉल हसला. पण तिच्यावर नाही, तिच्याबरोबर. ह्या दोन हसण्यांमधला फरक वल्लरीला त्या दिवशी कळला.

तिने डबा उचलला, चक्क उलटा केला आणि पाठीवर थापट्या मारल्या. अक्षता टपटप खाली पडल्या, मागोमाग झेंडूची एक पाकळी. नेटवरच्या त्या तिघांपैकी एकाने लिहिलं होतं की जुने डबे कधी कधी उलटेच चांगले चालतात, म्हणून तिने चकती घालून तो तसाच उलटा ठेवला. बटण दाबलं. धुकं आलं. धुक्यातून टेकडी आली!

मग काय! भोंगा वाजला, खोकी दारात आली. वल्लरीने आधी खालच्या बाईला दिला. हट्टी म्हाताऱ्याच्या दाराशी थांबली. प्रत्येक खोकं वाकलं की पुढच्या रांगेतली मुलंही वाकू लागली. पेटीत शेवटचा तुकडा उरला, आणि ते वळण आलं. सायकल आडवी.

"ओहह," हॉल म्हणाला. गेमने तिला वळणाच्या अलीकडे उभं केलं. पुन्हा गेली. पुन्हा आडवी. आकाश नारिंगीचं जांभळं व्हायला लागलं. जुन हाओ घड्याळ बघत होता. लाल कमान, तिच्याखाली दोन तिकोनी गोळे, गळ्यात लाल फडकं.

वल्लरीने मागे वळून पाहिलं. आई काही बोलली नाही. तिला बोलायला बंदी होती ना! फक्त तिने पदराआडून हात किंचित जोडले होते, कोल्ह्यांना.

वल्लरीने सायकल थांबवली. उतरली. कमानीसमोर गेली आणि गोल दाबला.

खोक्याच्या माणसाने पेटी उघडली. शेवटचा तुकडा काढला. दोन कोल्ह्यांच्या मधे ठेवला आणि दोनदा वाकला. काहीच झालं नाही. मग कुठूनतरी एक बारीक घंटा वाजली. वळणावरचं धुकं हटलं, आणि सगळ्यांना दिसलं की रस्ता तिथे सरळच होता.

सायकल माथ्यावर पोचली. घराचं दार उघडलं. आत उजेड, उजेडात एक बुटकं खोकं, डोक्यावर पांढऱ्या केसांचा चौकोन. ते वाकलं नाही. त्याने फक्त बोटं नसलेला हात पुढे केला. खाली एक ओळ उमटली, आणि पडदा विझला.

"काय लिहिलं होतं?" हॉल ओरडला. "व्हॉट डिड इट से?"

जुन हाओ शाळेनंतर जपानी शिकायचा. तो एकटाच पडद्याकडे अजून बघत होता. तो अडखळत म्हणाला, "इट सेज... 'आलास? जेवलास का?'" आणि मग, जरा हळू, "माय ग्रँडमा अल्सो सेज लाइक दॅट."

सगळ्या जगाला अडवून ठेवणारं एंडिंग ते एवढंच! वल्लरी मंचावरून उतरली तेव्हा लोक अजून टाळ्या वाजवत होते आणि मिस गो नाव न विचारता तिला हाक मारत होत्या, "वल्लरी! वल्लरी!" पण तिला आधी जिन्याशी पोचायचं होतं.

आईने हातातल्या डब्याचं झाकण काढलं. "सकाळपासून काही खाल्लेलं नाहीस," ती म्हणाली. "शिरा आहे. खा."

वल्लरीने तिथेच, सगळ्या शाळेसमोर, उभ्याउभ्या शिरा खाल्ला. जुन हाओलाही दिला. त्याने पुन्हा मागितला.

संध्याकाळी बाबा सेफ्टीचे बूट न काढताच घरात शिरले आणि सगळं ऐकून कागद पुढे ओढून अपघाताचा अहवाल लिहायला बसले. कारण: 'यंत्रात अन्नपदार्थ.' उपाय: 'पूजेच्या वेळी झाकण बंद.' निशिकांतकाका सोनं द्यायला आले. आपट्याची पानं इथे कुठे मिळणार, कुठल्याशा कुंडीतली तशीच दिसणारी पानं होती. 'जेवलास का' हे आपण पहिल्याच दिवशी वाचलं होतं, पण मुलीचा उत्साह जाऊ नये म्हणून बोललो नाही, असं त्यांनी सांगितलं. उल्काकाकूंनी मात्र आल्या आल्या विचारलं, "झालं ना एकदाचं? मग आमचा ट्रान्सफॉर्मर?"

वल्लरी तो उचलायला टीव्हीपाशी गेली, आणि थबकली. डबा चालू होता, उलटाच. समोर आई जमिनीवर मांडी घालून बसली होती. साडी तीच. हातात रिमोट. पडद्यावर षटकोनी चाकांची सायकल टेकडी चढत होती.

"काकू, आजचा दिवस राहू दे का?" वल्लरीने विचारलं. काकूंनी सुस्कारा सोडला आणि ताट घ्यायला सवयीने स्वयंपाकघरात गेल्या. गॅस बंद होता. कट्ट्यावर काहीही नव्हतं.

वल्लरी आईशेजारी टेकली. "आई, जेवलीस का तू?"

आईने नजर हलवली नाही. "थांब गं," ती म्हणाली. "आधी कोल्ह्यांना दाखवू दे. मग बसू."